स्टॅबिलायझरच्या डब्यातली पेटी

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील समस्त आबालवृद्धांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, विजेवर चालणारे वाद्य घरच्या घरी बनविण्याचा उद्योग प्रस्तुत लेखकाने कायमचा बंद केला आहे. सबब, कोणीही आपल्या घरातील बिघडलेले रेडिओ, मुके झालेले कीबोर्ड, फ्रिजचे जुने स्टॅबिलायझर व तत्सम भंगार "तुम्हाला लागेल म्हणून आणलं" असे म्हणत लेखकाच्या दारात ठेवू नये. ठेवल्यास लेखकाची पत्नी काय करील, हे लेखकही सांगू शकत नाही.

हा मजकूर मी खरोखरच वर्तमानपत्रात देणार होतो. बायको म्हणाली, "द्या. खाली फोटोही द्या. म्हणजे लोकांना कळेल की गेले दोन उन्हाळे आमच्या पुढच्या खोलीत कोण बसलेलं असायचं." जाहिरात राहिली. पण सांगायचं ते सांगायलाच हवं, म्हणून बसलोय. पाठ दुखतेय, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, बोटांवर वायरी जोडायच्या कथलाच्या तापल्या थेंबांचे डाग अजून आहेत. अशा अवस्थेत माणूस खोटं बोलत नाही; तेवढी ताकदच उरत नाही.

तर आमचे आबा. म्हणजे माझे वडील. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर कापूस पिकवला आणि जन्मभर पेटी वाजवली. कापसाबद्दल गावात मतभेद असतील, पेटीबद्दल नव्हते. भजनी मंडळात त्यांची जागा ठरलेली. पारावर लिंबाच्या खोडाला पाठ लावून बसायचं, उजवीकडे मृदंगवाला, समोर बुवा. बुवा म्हणजे भजन सांगणारा, मंडळाचा मुख्य आवाज. वयाने आबांपेक्षा लहान आणि आवाजाने चौपट. आबांनी पेटी उघडली की बाकीचे खोकायचं थांबत.

मग एका हिवाळ्यात आबांचं डावं अंग गेलं. आम्ही त्यांना जळगावला आणलं. दवाखाना झाला, मालिश झाली, बोलणं बरंचसं परत आलं. गंमत म्हणजे शाळेत शिकलेली मराठी आलीच नाही, आली ती नुसती अहिराणी. पाय ओढत का होईना चालू लागले. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राहायचा. आणि पेटी वाजवणाऱ्याला डावा हात कशाला लागतो, हे ज्याने पेटी पाहिली आहे त्याला सांगायला नको. डाव्या हाताने भाता ओढायचा, तेव्हा आत हवा जाते, तेव्हा उजव्या हाताच्या बोटांखाली सूर निघतो. आबांची उजवी बोटं शाबूत होती. दिवसभर ती पलंगाच्या कडेवर, ताटाच्या काठावर, कधी माझ्या बायकोने निवडायला घेतलेल्या तांदळाच्या सुपावर चालत. सूर कुठेच नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, भाता दुसऱ्याने ओढावा. आम्हीही तेच म्हणालो. गावाहून पेटी आणली, मी शेजारी मांडी घालून बसलो आणि ओढू लागलो भाता. आबांनी दोन सुरांना हात लावला आणि बोटं उचलली.

"मना सास दुसराना हातमा कसाले?" म्हणाले. माझा श्वास दुसऱ्याच्या हातात कशाला.

पेटी पुन्हा गोधडीत गेली.

मग मी बाजारातून कीबोर्ड आणला. चांगला, नवा. आबांनी त्याच्यावर एक बोट ठेवलं आणि ते बोट नेमकं कुठल्या तरी भलत्याच बटणावर पडलं. कीबोर्डातून ढोल, झांजा, बासरी असं सगळं एकदम सुरू झालं. बंद कुठून करायचं ते मलाही सापडेना. शेवटी वायर उपटली.

"हाई पेटी नही," आबा म्हणाले. "हाऊ बँडवाला शे."

नंतर बटणं समजावून दिली, ढोल बंद केले, तरी त्यांचं मन बसलं नाही. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पेटीचा सूर भात्याबरोबर फुगतो, उतरतो, दमतो. कीबोर्डचा सूर दिव्यासारखा लागतो आणि दिव्यासारखा विझतो. हे कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात विजेची पॅनल सांभाळतो. प्लास्टिक वितळवणाऱ्या यंत्राचं तापमान किती असावं, कधी वाढवावं, कधी उतरवावं, हे सगळं माझ्या हाताखालच्या डब्यांतून चालतं. अशा माणसाला एक रोग असतो. कुठलीही वस्तू बघितली की त्याला वाटतं, हे आपणही करू.

"मी बनवतो," मी म्हणालो.

बायकोने लाटणं खाली ठेवलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला जाणवलं की हे वाक्य आता परत घेता येणार नाही.

सिंथेसायझर हा शब्द भारी आहे, वस्तू साधी आहे. निदान पुस्तकात साधी आहे. विजेला एका छोट्या सर्किटात फेऱ्या मारायला लावायच्या. ती जितक्या वेगाने फेऱ्या मारील तितका सूर वरचा. मग त्या सुराला जोर द्यायचा, स्पीकरमधून बाहेर सोडायचं. झालं. भंगार बाजारातून एका मेलेल्या कीबोर्डच्या पट्ट्या आणल्या. शेजाऱ्यांच्या माळ्यावर फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर पडला होता. त्याचा लोखंडी डबा रिकामा केला, घासला आणि चांगला काळा रंग दिला. काळ्या रंगाने वस्तूला एक दर्जा येतो. या रंगाबद्दल पुढे बोलावं लागणार आहे, आत्ता त्याचं कौतुक करून घेतो.

पहिला सूर निघाला तो दिवाळीच्या सुट्टीत. मी आबांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, पट्टी दाबली. खोलीभर घूं असा आवाज भरला. मी पट्टी सोडली. आवाज तसाच. मी बटण बंद केलं, तेव्हा थांबला.

आबा म्हणाले, "हाई ते पीठनी गिरनी शे."

खरं होतं. घरातल्या विजेची घरघर सुरात शिरली होती. ती काढण्यात माझा हिवाळा गेला. कामावरून यायचं, चहा प्यायचा, एक वायर सोडवायची, दुसरी जोडायची, ऐकायचं, जेवायला उठायचं. शेवटी कंटाळून मी घरची वीजच सोडली आणि स्कूटरची बॅटरी काढून जोडली. गिरणी बंद झाली. स्कूटरही बंद झाली. बायको बरेच दिवस भाजी आणायला पायी गेली आणि पिशवी माझ्यासमोर, म्हणजे अगदी कथलावर, ठेवू लागली.

मग भात्याचा प्रश्न. सूर फुगवायला आणि उतरवायला आबांजवळ काय होतं? उजवा पाय. बायकोच्या शिलाई मशीनला विजेची मोटर होती आणि पायाखाली दाबायचं पेडल होतं. जास्त दाबलं की मशीन जोरात, कमी दाबलं की हळू. त्या पेडलकडे मी काही दिवस नुसता बघत असे. एकदा ती माहेरी अमळनेरला गेली. परत आली तेव्हा पेडल आबांच्या पायाखाली होतं आणि ते पायाने सूर ओढत होते, जसा भाता ओढावा तसा. हळू भरत आणायचा, टोकाशी नेऊन सैल सोडायचा. त्यांचे डोळे मिटलेले होते.

ती दारात पिशवी घेऊन उभी.

"माझ्या परकराला तीन इंच दुमड घालायची होती," ती म्हणाली. मग आबांकडे बघत राहिली. "राहू द्या. हाताने घालीन."

एवढं झालं म्हणजे संपलं असं कोणाला वाटलं असेल, तर त्याने कधी वाद्य सुरात लावलेलं नाही. प्रत्येक पट्टीमागे एक बारीक स्क्रू होता. तो स्क्रू केसभर फिरला की सूर हातभर सरकायचा. आबा खुर्चीत, मी जमिनीवर पोटावर पालथा, हातात पेचकस. बायको शेजारी जुनी पेटी घेऊन भाता ओढायची, म्हणजे ताडून बघायला मूळ सूर मिळे. नुसत्या ताडून बघण्यासाठी दुसऱ्याचा भाता आबांना चाले. आबांचं बोट वर गेलं की चढव, खाली आलं की उतरव, मूठ मिटली की आता हात लावू नकोस. एक पट्टी जमली की शेजारची रुसायची. मान आखडायची, घाम डोळ्यांत जायचा. मी मध्येच कपाळ फरशीला टेकवून तसाच पडून राही. वरून आबांचा आवाज येई, "झोपना का रे?"

"नाही आबा. नमस्कार घालतोय."

आणि हे सगळं कुठे? कूलरसमोर. जळगावात फाल्गुन सरला की माणूस जे काही करतो ते कूलरसमोर करतो. जेवण, झोप, भांडण, मुलांचा अभ्यास, पापडाचं पीठ मळणं. मग वाद्य सुरात लावायला वेगळी जागा कशाला? डबा कूलरच्या तोंडाशी स्टुलावर, गार ओला वारा त्याच्यावर, वाळ्याचा वास सुटलेला. एकेक पट्टी मी त्या वाऱ्यात लावली. आमच्या कारखान्यात यंत्राचं तापमान एवढंसं हललं तरी मी आरडाओरडा करतो. घरात मात्र मला एकदाही वाटलं नाही की या डब्यातल्या ट्रान्झिस्टरलाही ताप येत असेल.

त्याच सुमारास गावाहून बुवाचा फोन आला. फोन मी घेतला, पण बुवाचा आवाज असा की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातो.

"आबाले सांगजा, आखाजीले येतीन ते बरं शे. नहीते शिंदखेडाना कीबोर्डवालाले सांगी ठेयेल शे."

म्हणजे आखाजीला आले तर बरं, नाहीतर शिंदखेड्याच्या कीबोर्डवाल्याला सांगून ठेवलंय. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. पुरुष काय करतात? पत्ते खेळतात. सकाळपासून गल्लोगल्ली फड बसतात. आमच्या गावातल्या काही जुन्या माणसांना हे बघवेना, म्हणून त्यांनी फार पूर्वी एक प्रथा पाडली: आखाजीच्या दुपारी मारुतीच्या पारावर भजन. पत्तेवाले एका बाजूला, भजनवाले दुसऱ्या बाजूला, कोणाकडे किती माणसं जमतात ते बघायचं. मंडळाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. त्या दिवशी जो पेटीवर बसेल तो मंडळाचा पेटीवाला. आबा आजारी पडल्यापासून एक आखाजी बिनपेटीची गेली होती. लग्नांत वाजवणारा शिंदखेड्याचा तो कीबोर्डवाला आता एकदा का लिंबाच्या खोडाला टेकला, की आबांची जागा गेली.

फोन ठेवला. आबांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "मनी टोपी धुई ठेव."

त्या टोपीनंतर मला थकायची परवानगी उरली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सुरत लाइनच्या गाडीने आम्ही निघालो. आबा खिडकीशी, बायको त्यांच्या शेजारी, मी समोर. मांडीवर काळा लोखंडी डबा, पायाशी स्कूटरची बॅटरी आणि शिलाई मशीनचं पेडल. अशी सामग्री घेऊन बसलेल्या माणसाकडे लोक फार प्रेमाने बघत नाहीत. अमळनेरला एक धोतरवाले गृहस्थ चढले, माझ्या शेजारी टेकले आणि डब्याला बोट लावलं.

"हाई काय शे भाऊ? स्टॅबिलायझर?"

"पेटी आहे."

"कसानी पेटी?"

"वाजवायची. भजनाची."

त्यांनी डबा पाहिला, बॅटरी पाहिली, मग आबांकडे वळले. "काय हो नाना, पोऱ्या काय म्हनस?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "फ्रिज शे. भजन म्हनस."

आजारानंतर आबांनी केलेला तो पहिला विनोद. गाडीच्या डब्यातली अर्धी माणसं हसली, बायको तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघू लागली. गृहस्थ म्हणाले, "मंग वाजाडी दखाडा ना!" पण मी बॅटरी जोडली नाही. ती उद्यासाठी राखायची होती. खरं सांगायचं तर मलाही राखायचं होतं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. शिंदखेड्यापर्यंत मी डोळे मिटून नुसता डबा धरून बसलो, आणि मनात एवढंच होतं की हे एकदा होऊ दे, मग मला कोणी काही विचारू नका.

आखाजीची दुपार. सकाळी पितरांची घागर भरून झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. एवढं जेवल्यावर माणसाने झोपावं असा निसर्गाचा नियम आहे, पण आम्ही पाराकडे निघालो. पारावर पूर्वी लिंबाची सावली असायची. मधल्या काळात मंडळाने प्रगती करून वर पत्रे टाकले होते. पत्र्याखाली ऊन येत नव्हतं, फक्त त्याची धग येत होती. मृदंगवाला आला, टाळकरी आले. बुवा आला तो उपरणं सावरत, मागे शिंदखेड्याचा कीबोर्डवाला, त्याचं वाद्य अजून खोळीत.

"आबा!" बुवाने वाकून नमस्कार केला. "उनात का? बरं जयं. हाऊ आपला बसेल राही. लागना ते." म्हणजे बरं झालं आलात, हा आपला बसून राहील, लागला तर.

आबांनी मान हलवली आणि लिंबाच्या खोडाला पाठ टेकून बसले. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला, पेडल उजव्या पायाखाली दिलं, बॅटरी जोडली, मंडळाचा एक माईक डब्यातल्या स्पीकरसमोर उभा केला. बुवा काळी एक पट्टीत गातो. मी काळी एक दाबली. सूर निघाला. अगदी बरोबर नव्हता. किंचित वर होता.

मी पुन्हा दाबली. आणखी वर.

डब्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला. काळा रंग. लोखंडी डबा. पत्र्याची धग. कूलरच्या गार वाऱ्यात महिनाभर जमवलेले सूर वैशाखात बाहेर पडले होते आणि आतले ट्रान्झिस्टर तापून सगळ्या सुरांना एका माळेत वर ओढत होते. आपसात सूर बरोबर होते, आणि म्हणून कोणाला शंकाही आली नसती. अख्खी पेटीच शिडी चढत होती.

डब्याच्या बाजूला एक गोल खुंटी होती. ती फिरवली की सगळे सूर एकत्र वर किंवा खाली जात. आता एकच उपाय होता. भजन चालू असताना मी आबांच्या शेजारी बसायचं आणि डबा जसजसा तापेल तसतशी खुंटी खाली फिरवत राहायचं. एका क्षणासाठीही हात काढायचा नाही. बायको पाराच्या कडेला बायकांत बसली होती. तिला मी खुणेने बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे शेवटी तुम्ही आबांच्या शेजारी बसून हातच हलवणार."

"हो."

"मग पेटीचा भाता काय वाईट होता?"

माझे सगळे उन्हाळे, गिरणी, स्कूटर, तिचं पेडल, फरशीवरचे नमस्कार, हे सगळं त्या एका प्रश्नात मावलं आणि वर जागा उरली. इतका थकलो होतो की तिथेच पारावर आडवा झालो असतो. तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाली, "बसा आता. ते वाट बघताहेत."

मी आबांच्या डावीकडे बसलो, त्यांच्या निजलेल्या हाताच्या बाजूला, आणि खुंटी धरली.

आबांनी पाय दाबला. सूर भरत आला, फुगला, टोकाला गेला आणि सैल सुटला. बायकांची कुजबुज थांबली. कोणीतरी खोकत होतं ते मध्येच थांबलं. मृदंगवाल्याने आबांकडे बघून मान डोलावली. शिंदखेड्याच्या कीबोर्डवाल्याने खोळीची चेन अर्धी उघडली होती. ती त्याने सावकाश पुन्हा लावली. बुवाने सूर घेतला आणि भजन सुरू झालं.

मी ऐकत होतो फक्त एकच गोष्ट: चढतंय का. चढलं की खुंटी जराशी मागे. पुन्हा चढलं की पुन्हा मागे. घाम कोपरावरून थेंब थेंब पडत होता. आबा वाजवत होते. त्यांच्याकडे बघायची मला फुरसत नव्हती. पहिलं भजन पार पडलं. दुसरं पार पडलं. समोरच्या गल्लीतले पत्त्यांचे दोन फड मोडले आणि ती माणसं हातात पानं तशीच धरून पाराच्या पायऱ्यांवर येऊन बसली. बुवाला चेव आला. तिसऱ्या भजनाआधी त्याने आपला माईक जवळ ओढला आणि कीबोर्डवाल्याकडे बघत घोषणा केली, की आबांची तब्येत बघता पुढच्या वर्षापासून मंडळाने जरा नव्या पद्धतीने विचार करायला हरकत नाही, पण आज आबा आले हा मोठेपणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी टोपी नीट केली.

तिसरं भजन सुरू झालं. सूर चढू लागला. मी खुंटी फिरवायला गेलो, तर माझ्या मनगटावर काहीतरी आलं. आबांचा उजवा हात. पट्ट्यांवरून क्षणभर उचलून त्यांनी माझा हात खुंटीवरून बाजूला सारला आणि परत वाजवू लागले.

"आबा," मी कुजबुजलो, "वर जातंय."

"र्‍हाऊ दे," आबा म्हणाले. चेहऱ्याची उजवी बाजू हसत होती.

मी हात मांडीवर ठेवला. कित्येक महिन्यांनी माझ्या हाताला काहीच काम नव्हतं. असं रिकामं बसणं मी विसरलोच होतो. मी खोडाला डोकं टेकलं आणि बघत राहिलो.

डबा तापत गेला. सूर केसाकेसाने वर सरकत होते, इतक्या हळू की कोणत्याही एका क्षणी काही बदललंय असं वाटू नये. टाळकरी नकळत वर गेले. मृदंगवाल्याने एकदा मृदंग सुरात लावायची हातोडी उचलली, आबांकडे बघितलं, हातोडी खाली ठेवली आणि गालातल्या गालात हसत वाजवत राहिला. बुवा काळी एक वरून निघालेला, तो काळी दोनपर्यंत पोचला होता आणि त्याच्या मानेची शीर दिसू लागली होती. आबांनी पाय आणखी दाबला. सूर आणखी भरला. पायऱ्यांवरची माणसं आता ताल धरून डोलत होती, झोक्यावरच्या पोरी झोका सोडून आल्या होत्या, आणि भजन थांबवायचं म्हटलं तर ते बुवालाच थांबवावं लागलं असतं. समोर अख्खं गाव बसलेलं. त्यावरची पांढरी तीन गेली. बुवाचे डोळे मोठे झाले. उपरणं खांद्यावरून गळून पडलं. त्याने आबांकडे पाहिलं. आबा डोळे मिटून वाजवत होते, अगदी भक्तिभावाने. ध्रुवपद पुन्हा आलं, पांढरी चारवर, आणि बुवाने तोंड उघडलं, गळा ताणला, टाचा उचलल्या, आवाज फाटला, आणि माईक चालू आहे याचं भान न राहून तो ओरडला:

"आबा, खाले उतरा ना भो! आपन भजन म्हनी राहिनूत का शिडी चढी राहिनूत?"